लग्नात उत्क्रांती सांगू नये

शेवगावात माझी ओळख दोन गोष्टींवरून आहे. एक म्हणजे मी कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. दुसरी म्हणजे भर उन्हाळ्यातल्या एका लग्नात मी नवरा-नवरीला बोहल्यावर घाम पुसत ताटकळत ठेवलं. पहिलीबद्दल मला रस्त्यात थांबवून कुणी कधी काही विचारलेलं नाही. दुसरीबद्दल अजून विचारतात. परवा सलूनमध्ये दाढीला बसलो होतो, तर गळ्यावरून वस्तरा फिरवता फिरवता दुकानदार म्हणाला, "सर, ते नवरा-नवरी भाऊ-भईन निघाले व्हते म्हनं. खरं का?" वस्तरा गळ्याशी असताना मी कुठलंही शास्त्र समजावून सांगत नाही. "अफवा आहे," म्हटलं.

अफवा नव्हती. मीच माइकवरून तसं सांगितलं होतं.

ते लग्न माझ्या मित्राच्या मुलीचं. मित्र आमच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचा. घर शेतकऱ्याचं, गावाबाहेर मळा. सकाळी कपाशीला पाणी देऊन, पायाचा चिखल कॉलेजच्या नळावर धुऊन तो वर्गात पानिपत सांगायला जायचा. वर्गात बोलणं छापील, माझ्याशी मात्र मळ्यातलं. माझं घर भिक्षुकीचं. आजोबा पूजा सांगायचे, वडील कचेरीत कारकून, आणि मी बेडूक कापणारा. घराण्याचा हा प्रवास चढाचा की उताराचा, यावर आमचा पहिला वाद स्टाफरूममध्ये झाला आणि तो काही मिटला नाही. नोकरी संपली तरी वाद शिल्लक होता, म्हणून आम्ही रोज संध्याकाळी पाटाच्या कडेनं चालायला जायला लागलो. पाटाला पाणी असो नसो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं घरी सांगायचो. प्रत्यक्षात दर बाभळीखाली थांबून भांडायचो.

माझा मुद्दा वर्षानुवर्षं एकच. माणूस आभाळातून पडलेला नाही. मुंगीपासून मंत्र्यापर्यंत सगळे एकाच मुळातून फुटलेले. मग त्यात उच्च कोण आणि नीच कोण? माझ्या मते समतेचा निकाल तिथंच लागत होता, अपिलाला जागाच नव्हती.

तो अपील करायचा.

"तुझ्या उत्क्रांतीचं एक बरं हाय," तो म्हणायचा. "कुणालाबी वापरता येती. ज्यानं माणसं विकली तोबी म्हणला, बलवान टिकतो, निसर्गाचा नियम हाय. अन् तू म्हणतो सगळे एका आईचे. दोघांच्या हातात पुस्तक एकच."

"त्यानं चुकीचं वाचलं."

"अन् तू बरोबर वाचलं हे कोण म्हणतंय?"

"मी."

"मग मिटलंच की."

एकदा बाभळीखाली सातभाईंचा थवा पाचोळा उकरत होता. कलकलाट चाललेला. एक मात्र वरच्या फांदीवर बसून चौफेर बघत होता. मी हरखलो. म्हटलं, "बघ, हा उपाशी बसून बाकीच्यांसाठी पहारा देतोय. नीती माणसानं शोधलेली नाही, ती आपल्याआधी या पाखरांत आहे."

तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "दुसऱ्या थव्यातला एखादा आला तर?"

"टोचून हाकलतात."

"म्हंजी भाऊबंदकीबी तिथलीच. आमी उगाच बांधावरून एकमेकाला शिव्या देतो, गुरू इथं झाडावर बसलेत." मग पुढं चालता चालता म्हणाला, "निसर्गात काय हाय ते तू सांग. काय असावं ते आपण बसून ठरवू."

मी लगेच चपलेचा अंगठा तुटल्याचं जाहीर केलं. तो तुटलेला नव्हता, हे त्यालाही दिसत होतं.

त्याला एकच मुलगी, मला एकच मुलगा. दोघं चड्डीत असल्यापासून ती माझ्या मुलाला राखी बांधायची आणि मला काका म्हणायची. तिचं लग्न जमलं कर्जतकडच्या घरात. तेव्हा पाटावर मित्रानं मला एक गोष्ट निक्षून सांगितली होती. "पोरीचा बाप म्हणून मी कुणापुढं हात जोडून उभा राहणार न्हाई. पोरगी देतोय, गुन्हा न्हाई करत."

"शाब्बास," मी म्हणालो. "तू उत्क्रांतीची पुढची पायरी आहेस."

"उत्क्रांतीला पायऱ्या नसतात, हे तूच शिकवलंय."

आता लग्न. आमच्याकडं अक्षता पडण्याआधी भाषणं होतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो, पण तो पाळायचा की नाही हे पाहुण्यांच्या भाषणांवर ठरतं. त्या दिवशी कारखान्याचे संचालक बोलले, माजी सभापती बोलले, होऊ पाहणारे सभापती त्यांच्याहून जास्त बोलले. बोहल्यावर नवरा-नवरी हार हातात धरून उभे. आणि मग निवेदकानं पुकारलं, "नवरीचे गुरुवर्य, सर, आपण वधूवरांना शुभाशीर्वाद द्यावेत!"

शुभाशीर्वाद म्हणजे सुखाचा संसार, दोन्ही घराण्यांची भरभराट, आणि खाली बसणं. हे मला ठाऊक होतं. पण वर चढून समोर बघितलं आणि माझी मती फिरली. इतका मोठा वर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. शिवाय सगळे जागे. त्यातले निम्मे माझ्याच मागच्या बाकांवर झोपून पुढं गेलेले होते. म्हटलं, आज यांना सोडायचं नाही.

"इथं वधूपक्ष आणि वरपक्ष असे दोन पक्ष बसलेत," मी सुरू केलं. "विज्ञान म्हणतं, पक्ष एकच! मागं मागं जात राहिलात, तर या मुलाचा आणि या मुलीचा पूर्वज एकच निघतो. म्हणजे खरं पाहिलं तर ही दोघं दूरची भाऊ-बहीणच आहेत!"

इथं टाळ्या पडतील म्हणून मी थांबलो. मंडपात फक्त जनरेटर ऐकू येत होता.

वरपक्षाकडून एक फेटा उभा राहिला. नवरदेवाचे चुलत आजोबा. "थांबा! अक्षता टाकू नका कुनी. देवक एकच हाय का काय?"

देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचं मोरपीस, कुणाचं कळंब, कुणाचं वड. लग्नाआधी ते पुजून मांडवात बसवतात. ज्यांचं देवक एक ती एका कुळाची, म्हणजे भावंडंच, त्यांच्यात सोयरीक होत नाही. झाडाला आणि पाखराला आपला मूळपुरुष मानणारी ही माणसं. उत्क्रांती त्यांना माझ्याआधी पटायला हरकत नव्हती. पण ते पटवायची ही वेळ नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मी माइक सोडला नाही.

"आजोबा, देवक वेगळं असलं तरी काही फरक पडत नाही!" मी ओरडलो. "पूर्वज एकच! आणखी मागं गेलं तर हे नातं थेट माकडांपर्यंत जातं!"

"आवो, नवरदेवाला माकड म्हनले!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मंडप उठला.

पुढचं तुम्हाला दिसतच असेल. निवेदकानं माझ्या हातातून माइक काढून घेतला. कर्जतला फोन झाले. भटजींनी दोन्ही देवकं पुन्हा तपासली. यांचं कळंब, त्यांचं मोरपीस, हे आदल्या दिवशीपासून सगळ्यांना माहीत होतं. तरी मंडपात शिरलेली शंका लवकर बाहेर जात नाही. नवरी हारात तोंड लपवून हसत होती. मला वाटलं, चला, निदान एकीला गंमत कळली. संचालक आणि सभापती जेवायला निघून गेले. आजोबा मात्र खुर्चीत जाऊन बसले. "आमचा अपमान झालाय. पोरीच्या बापानं येऊन सांगावं."

आणि मित्र गेला.

मी बोहल्याच्या पायरीपाशी उभा होतो. तिथून त्याची फक्त पाठ दिसत होती. तो आजोबांपुढं उभा राहिला, हात जोडले, आणि कमरेत वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

मग अक्षता पडल्या, वरात निघाली. पाठवणीच्या वेळी मुलगी माझ्या पाया पडली आणि कानाशी म्हणाली, "काका, तुम्ही बोललात ते खरंच आहे. पण आज नको होतं." ती सुखात आहे. तिच्या सासरी हा किस्सा हसून सांगतात म्हणे. आजोबा नातवाला लाडानं माकडच म्हणतात. सगळ्यांचं सगळं मिटलं, आम्हा दोघांचं सोडून.

तो पाटावर यायचा बंद झाला. आठ दिवस वाट बघून मी आंब्यांची पिशवी घेऊन मळ्यावर गेलो. तो ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसला होता. तिथं मी माझी दुसरी चूक केली. माफी मागायला गेलेला माणूस मी, सुरुवात केली स्पष्टीकरणानं. म्हटलं, शास्त्रीयदृष्ट्या माझ्या बोलण्यात काहीच वावगं नव्हतं.

"मी कुठं म्हणतो वावगं व्हतं?"

"मग झालं काय?"

त्यानं नळी खाली ठेवली. "तुझ्या पोराच्या लग्नात मी पहिल्या रांगेत व्हतो. तुझ्या सुनेच्या बापानं, पांढऱ्या केसाच्या माणसानं, खाली बसून तुझ्या पोराचे पाय धुतले. ताटात. तू शेजारी उभा व्हता. तवा कुठं गेल्ती तुझी उत्क्रांती?"

"अरे, तो विधी असतो…"

"व्हय. तुमचा तो विधी. अन् आमचं अडाणीपण." त्यानं पुन्हा नळी उचलली. "आंबे घेऊन जा. खाणारी सासरी गेली."

तेव्हापासून मी एकटा चालतो. डॉक्टर खूश आहेत, कारण आता मी खरोखर चालतो. बाभळीखाली थांबायला कारण नाही. रस्त्यात भेटला की तो मान हलवतो. फोन लावला तर उचलतो, "कामात हाय" म्हणतो आणि ठेवतो. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणात आमचा हात कुणी धरला नसता.

माणूस गेल्याचं दुःख लोकांना समजतं, त्याला तेरावा-चौदावा असतो. पण मळ्यावर दिसतो आहे, मोटार चालू-बंद करतो आहे, आणि तरी आपल्याला नाही, याचं काय करायचं? मी बायकोशी वाद घालून बघितला. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." इतकं निर्दय कुणी माझ्याशी कधी वागलं नव्हतं. मग मी दोन्ही बाजू स्वतःच मांडून पाहिल्या. पाटावरून एकटा हातवारे करत जाणारा म्हातारा बघून कापूस वेचणाऱ्या बायका हसल्या. वाईट याचं वाटलं की तिथंही तोच जिंकला.

गेल्या पावसाळ्यात मुलानं आम्हाला अकोले तालुक्यात नेलं, भंडारदऱ्याला. घाटात वानरांची टोळी बसली होती. टोळीचा मोठा हुप्प्या बांधावर ऐटीत, आणि एक लहान मादी त्याच्या पाठीतले किडे वेचत होती. तो असा काही बसला होता की जगानं आपली पाठ खाजवावी हा निसर्गाचा कायदाच. मी ताबडतोब उजवीकडं, पाटावर मित्र चालायचा त्या बाजूला, वळून म्हणालो, "हा बघ, वरबाप!" उजवीकडं मक्याची कणसं भाजणारी बाई होती. तिनं विचारलं, "तिखट लावू का?"

हुप्प्याकडं बघताना मला दुसरंच काही आठवलं होतं, पण ते सांगण्यासारखं माणूस तिथं नव्हतं.

यंदा मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, रविवारी येतोय. बाळाचं जावळ आहे. मामा म्हणून मला बसायचंय."

बाळ म्हणजे मित्राचा नातू. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर लागतं, आणि मुलीला सख्खा भाऊ नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"काकांनीच. फोन आला होता त्यांचा. बराच वेळ बोललो आम्ही."

"बराच वेळ? काय बोलत होते?"

"पाऊस, कापूस, माझी नोकरी."

"आणि माझ्याविषयी?"

"तुमचा विषय निघाला नाही."

आमंत्रण होतं, नाही असं नाही. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोनं, माझ्या बायकोला सांगितलं होतं, सगळ्यांनी या. त्या 'सगळ्यां'मध्ये बसून मी मळ्यावर गेलो.

लिंबाखाली घोंगडी टाकली होती. माझा मुलगा मांडी घालून बसला, बाळानं आकांत मांडला, आणि कात्री चालायला लागली. नवरदेवाचे ते चुलत आजोबा काठी टेकून जवळ आले. माझ्या मुलाकडं निरखून बघत त्यांनी विचारलं, "मामा कोन म्हनायचा ह्यो? गोरागोमटा दिसतोय. आपल्यातला न्हाई."

एक पूर्ण व्याख्यान घशापर्यंत चढलं. नातं रक्ताचं म्हणजे किती रक्ताचं, सगळं तयार. बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"मामाच हाय," मित्र म्हणाला. "राखी बांधती त्याला ती."

"मग बरं हाय," आजोबा म्हणाले आणि बाळाला खुळखुळा वाजवून दाखवायला लागले.

एवढंच. मला बोलायची गरज कुणालाच पडली नाही.

पंगत बसली. मित्र स्वतः वाढत होता. पूर्वी त्याच्याकडं जेवणं म्हणजे माझी शिक्षा असायची. मी ताटावर आडवा हात धरायचो, तो बोटांच्या फटीतून लापशी सोडायचा, वर तूप ओतायचा आणि म्हणायचा, "खा, भिक्षुकाच्या घरचा ना तू." आज तो माझ्यापाशी आला. लापशी वाढली. मी सवयीनं हात आडवा धरला, तर तो थांबला, आणि पुढच्या ताटाकडं गेला. आग्रह केला नाही. मी त्या थोड्याशा लापशीकडं बघत बसलो. मग तेवढीच ताट पुसून खाल्ली.

शेवटी तो माझ्या समोरच्या ओळीत जेवायला बसला. माझ्या बाजूचे जेवून उठले. मी उठलो नाही. पुढचे लोक जागा होण्याची वाट बघत उभे राहिले, तरी नाही. रिकाम्या ताटापुढं उष्टा हात घेऊन बसलो आणि घाटात जे सांगायला माणूस मिळालं नव्हतं ते बोललो.

"तेव्हा मला आवडलं होतं."

त्यानं वर बघितलं. "कवा?"

"सुनेचे वडील पाय धूत होते तेव्हा. विधी-बिधी काही नाही. उभा होतो ना शेजारी, बरं वाटत होतं. वरबाप झाल्यासारखं. कुणीतरी आपल्यापुढं खाली बसलंय, याचं."

तो घास चावत राहिला. मी आणखी स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "तुझं तोंड मी बघितलं व्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"लग्न व्हतं रे. लग्नात कुणी असलं बोलतं का?"

मी हसलो. तो हसला नाही, पण त्यानं भात कालवायचं थांबवलं होतं. मग माझ्या हाताकडं हनुवटी उडवली. "हात वाळला तुझा. जा, धू."

मी पिंपाकडं गेलो. वाळलेलं सुटेपर्यंत हात धुतला. परत आलो तर दुसरी पंगत बसली होती, आणि तो कर्जतच्या पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला निघाला होता. मी थोडा वेळ ओला हात घेऊन लिंबाखाली उभा राहिलो. बायको म्हणाली, चला, ऊन उतरलं.

गाडीत मुलानं विचारलं, "काका बोलले?"

"बोलले."

"काय म्हणाले?"

"हात धू म्हणाले."

तो आरशातून माझ्याकडं बघत राहिला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नसावं. मला मात्र गाव येईपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं, आणि मग एसटी स्टँडच्या वळणावर एकदम सुचलं, त्याच्या प्रश्नाचं उत्तर. असलं लग्नातच बोलायचं असतं रे. माणसं वाकतात तिथंच, मग दुसरीकडं कुठं बोलणार? फक्त ते आपल्या मुलाच्या लग्नात बोलायचं असतं, दुसऱ्याच्या मुलीच्या नाही.

उत्तर पक्कं आहे. त्यात एक फट आहे, ती त्याला लगेच दिसेल आणि तो तिथं बोट घालेल. मला अजून ती दिसलेली नाही. बायकोला सांगितलं तर ती बरोबर आहे म्हणेल, म्हणून तिला सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी ते घेऊन पाटावर जातो, बाभळीखाली अंधार पडेपर्यंत थांबतो, आणि तसंच परत आणतो.